मलबार हिलच्या वाटेवर एक कागद

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मुंबईला जाऊन आले. काम घरचंच होतं. माझ्या मोठ्या भावाची मुलगी तिथे कायद्याचं शिक्षण घेते आणि हॉस्टेलवर राहते. तिला भेटायचं, अम्मीने दिलेला खाऊ पोहोचवायचा, थोडं शहर पाहायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. निघताना भाईंनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. म्हणाले, "हक्कसोड पत्राचा मसुदा आहे. तू परत आलीस की कचेरीत जाऊन सह्या करून टाकू. तुझी आणि अम्मीची." मी पाकीट न उघडताच पर्समध्ये ठेवलं. अब्बांच्या इंतकालाला दोन वर्षं होत आली होती. घर भावांच्या नावावर करायचं हे आमचं आधीच ठरलं होतं. वाचायचं काय त्यात?

रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये मी वेगळंच काही वाचत होते. भाचीने गेल्या ईदला मला एक इंग्रजी कादंबरी दिली होती. आपल्याकडे ती 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने मिळते. लेखिका सुजाता मॅसी. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म इंग्लंडमधला आणि वास्तव्य अमेरिकेत. पण २०१८ साली आलेली ही कादंबरी घडते ती १९२१ च्या मुंबईत. माझं इंग्रजी जेमतेम, त्यामुळे शब्दकोश जवळ ठेवून महिनाभर वाचत होते. चिपळूण मागे पडलं तेव्हा शेवटची पन्नास पानं उरली होती.

जासूसी कथांचं वेड मला अब्बांकडून आलं. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'चे जुने अंक असत. १९५२ साली अलाहाबादहून सुरू झालेल्या त्या मालिकेची अब्बांच्या पिढीने पारायणं केली. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद, पुढे इमरान. शोध लावणारे सगळे पुरुष, सगळे सरकारी खात्यातले. बायका असायच्या त्या पळवल्या जाणाऱ्या, नाहीतर फसवणाऱ्या.

या कथांचा आणखी एक प्रकार आहे, हे मला भाचीमुळे कळलं. इंग्रजीत त्याला 'कोझी मिस्ट्री' म्हणतात. गोधडीत पाय घेऊन, चहाचा कप हातात धरून वाचावी अशी रहस्यकथा. त्यात खून होतो, पण रक्तपाताची वर्णनं नसतात. बंदुका नसतात. शोध लावते एखादी साधी, कष्ट करून खाणारी बाई. कुणी दुकान चालवते, कुणी स्वयंपाकाचं काम करते, कुणी शिकवते. पोलिसांना जे दिसत नाही ते तिला दिसतं, कारण घर कसं चालतं हे तिला माहीत असतं. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या १९९८ सालच्या कादंबरीतली प्रेशस रामोत्स्वे अशीच. आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात, गाबोरोन शहरात ती शोधकचेरी उघडते. त्यासाठी पैसे कुठून आणते? वडिलांनी तिच्यासाठी मागे ठेवलेली गुरं विकून. खाणीत राबलेल्या बापाने मुलीचा वाटा मुलीला दिला आणि त्यातून ती आपल्या पायावर उभी राहिली. तिची गोष्ट भाचीने सांगितली तेव्हा गंमत वाटली होती. पुढे ती वेगळ्या रीतीने आठवली.

मलबार हिलच्या कादंबरीतली नायिका परवीन मिस्त्री ही पारशी मुलगी. वडिलांच्या सॉलिसिटर कचेरीत काम करते. करारनामे वाचणं, मृत्युपत्रं तपासणं, पत्रं लिहिणं हे तिचं रोजचं काम. कोर्टात उभं राहून बोलायची मुभा तिला नाही. एका श्रीमंत मुस्लिम गिरणीमालकाचा इंतकाल होतो. त्याच्या मागे तीन बेवा, रझिया, सकीना आणि मुमताज, मलबार हिलवरच्या बंगल्यात कडक पडद्यात राहतात. त्यांचा कारभार पाहणारा माणूस वकिलांकडे कागद पाठवतो, की तिघींनी आपल्या हक्काची मालमत्ता धर्मादाय वक्फला देऊन टाकली आहे. परवीनला पहिला प्रश्न पडतो तो अगदी बायकी: मग या जगणार कशावर? दुसरा प्रश्न सहीचा. एकीच्या नावापुढे सही नसून नुसती फुली आहे. जिला वाचता येत नाही, तिने या कागदात काय लिहिलंय ते कुणाकडून समजून घेतलं? पुरुष वकिलाला पडद्यापलीकडे जाता येत नाही. परवीनला येतं. ती जाते, तिघींशी एकेक करून बोलते आणि तिथून गोष्ट सुरू होते. पुढचं सांगत नाही, वाचणाऱ्यांचा रस जाईल.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर भाची उभी होती. सामान हॉस्टेलवर टाकलं, नाश्ता केला. मी म्हटलं, "मला राणीची बाग नको, मॉल नको. परवीन जिथे राहायची-वावरायची ते दाखव." ती हसली. "चला फुफी, चालायची तयारी ठेवा."

दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून आम्ही फाउंटनकडे निघालो. फोर्टमधल्या एका गल्लीत तिने मला थांबवलं. होमी मोदी स्ट्रीट. हीच जुनी ब्रूस स्ट्रीट आणि कादंबरीतली मिस्त्रींची कचेरी याच रस्त्यावर आहे. आज तिथे टाटांचं मुख्यालय असलेलं बॉम्बे हाउस आहे. ते १९२४ मधलं, म्हणजे परवीनची गोष्ट सुरू होते तेव्हा ते उभंही नव्हतं. रस्त्यावर वकिलांच्या कचेऱ्यांच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, काखेत फायली घेऊन धावणारे कारकून. मी पाट्या वाचत चालले होते. बायकांची नावं मोजायला लागले आणि थोड्या वेळाने मोजायचं सोडून दिलं. एवढी होती.

तिथून हायकोर्ट. काळ्या-करड्या दगडांची ती गॉथिक इमारत १८७८ साली पूर्ण झाली. शिखरांवर दोन मूर्ती आहेत, एक न्यायाची आणि एक दयेची. खालून मान उंच करून पाहिलं तरी नीट दिसत नाहीत. भाची म्हणाली, "फुफी, या इमारतीत सुरुवातीची कित्येक वर्षं एकही बाई वकील नव्हती. १९२३ चा कायदा आला तेव्हा कुठे स्त्रियांना वकिलीची दारं उघडली." मिठन टाटा लाम यांचं नाव तिनेच मला सांगितलं. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परवीनच्या पात्रामागे त्या आहेत आणि त्यांच्याआधीच्या कॉर्नेलिया सोराबजी आहेत.

कॉर्नेलियाबाईंबद्दल मी थोडं आधी वाचलं होतं. त्यांचा जन्म आपल्या नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्यात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्यांच्या आईने पुण्यात शाळा काढल्या होत्या, हे वाचून शिक्षिका म्हणून मला विशेष बरं वाटलं. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री म्हणजे याच. १८९२ मध्ये परीक्षा दिली, तरी मायदेशी वकील म्हणून उभं राहता येईना. मग १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांनी पर्दानशीन बायकांसाठी काम केलं. हिंदू राण्या होत्या, मुस्लिम बेगमा होत्या. मोठ्या इस्टेटींच्या मालकिणी, पण आपल्या नावावर काय आहे हे त्यांना ठाऊक नसे. दिवाण सांगेल तिथे अंगठा. कॉर्नेलियाबाई पालखीतून, होडीतून, हत्तीवरून त्यांच्यापर्यंत पोहोचत आणि कागद वाचून दाखवत. बऱ्याच वेळा एवढंच काम असे: कागद वाचून दाखवायचा.

ओव्हल मैदानाच्या कडेला आम्ही उसाचा रस प्यायलो. समोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. दान देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं. २०१८ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मैदानाच्या एका बाजूला दगडी गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको पद्धतीची घरं. मधल्या हिरवळीवर पोरं क्रिकेट खेळत होती. मुंबईत एवढं आभाळ एका ठिकाणी पाहायला मिळतं, हे मला माहीत नव्हतं.

मलबार हिलला टॅक्सीने गेलो. मरीन ड्राइव्हवर वारा छान होता. परवीनच्या काळी हा रस्ता असा नव्हता. समुद्र रेल्वे रुळांच्या जवळपर्यंत येई. भर घालून जमीन मिळाली ती नंतर. गिरगाव चौपाटी मागे पडली आणि चढ सुरू झाला. कादंबरीतल्या बंगल्याचा पत्ता लेखिकेने कल्पनेतून घेतलेला आहे, तो शोधून सापडणार नाही. पण तसे जुने बंगले क्वचित कुठे झाडांआड दिसतात, त्यांच्या शेजारी तीस-चाळीस मजली इमारती. टेकडीच्या एका अंगाला वाळकेश्वर आणि बाणगंगा, दुसऱ्या अंगाला पारशांची डुंगरवाडी, टोकाला राज्यपालांचं निवासस्थान. एकाच टेकडीवर किती समाजांची किती दुनिया!

कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट पाहिला. भाची म्हणाली, लहानपणी अब्बांनी, म्हणजे तिच्या दादांनी, तिला इथे आणलं होतं. मला आठवलं, मलाही आणलं होतं. २०२५ मध्ये सुरू झालेल्या उंच लाकडी पायवाटेवरून झाडांच्या शेंड्यांमधून चाललो. खाली चौपाटी, पुढे समुद्र. मग समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये जाऊन एका बाकावर टेकलो. ही बाग १८८१ ची आणि तिच्या खाली पाण्याचा प्रचंड साठा आहे. वर फुलं, खाली दक्षिण मुंबईचं पाणी. वरून पाहणाऱ्याला कळतही नाही.

तिथे बसल्यावर भाचीने पुस्तकाबद्दल विचारलं. मी म्हटलं, एक गोष्ट आवडली. लेखिकेने सगळं खापर आपल्या पडद्यावर फोडलेलं नाही. परवीनचं स्वतःचं लग्न पारशी घरात झालं आणि तिथे तिच्यावर जे गुदरलं ते कमी नाही. १८६५ च्या पारशी विवाह कायद्याने तिला सुटका मिळणंही अवघड होतं. काही पानं मोठ्यांनीच वाचावीत अशी आहेत, पण त्या तीन बेवा बावळट दाखवलेल्या नाहीत. त्या विचार करतात, त्यांना फक्त कुणी विचारत नाही.

"आणि वक्फ, मीरास हे सगळं बरोबर आहे का?" तिने विचारलं. आता शिकवायची पाळी माझी होती. मी म्हटलं, अदा न केलेला महर हे मयताच्या डोक्यावरचं कर्ज. वाटणीआधी ते फेडायचं. वसीयत तिसऱ्या हिस्स्याच्या वर जात नाही. मुलं असतील तर बेवेचा आठवा हिस्सा, एकापेक्षा जास्त असतील तर त्या आठव्यातच वाटून घ्यायचं. सूरह निसाची चौथी आयत बायकोला महर सोडायची मुभा देते, पण तिच्या मनाच्या खुशीने. आणि सूरह बकराची सगळ्यात लांब आयत, २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवायला सांगते, साक्षीदारांसह. आपला दीन कागदाला किती महत्त्व देतो बघ.

"मग फुफी, तुमचा कागद वाचलात?"

मी गप्प झाले. तिला पाकिटाबद्दल तिच्या अब्बांनी फोनवर सांगितलं होतं. दोन पदव्या, बी.एड., वीस वर्षं मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं सांगणारी मी. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कल्पनेतल्या बायकांचा कागद मी शब्दकोश घेऊन वाचला होता. माझा पर्समध्ये तसाच होता.

पाकीट उघडलं. पहिल्या पानावर घर. ते ठरलं होतं. त्याच्या खाली एक गट नंबर. तो खाडीकडच्या कलमांच्या बागेचा. बागेबद्दल कधी काही बोलणं झालं नव्हतं. पुढे नेहमीचा मजकूर: राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, वाचून व समजून घेऊन. शेवटी नावं. माझ्या नावापुढे 'सही'. अम्मीच्या नावापुढे छापलेलं, 'निशाणी डावा अंगठा'.

अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली आहे. फजरनंतर कुरआन वाचते, दुपारी चष्मा लावून उर्दू मासिक वाचते. बँकेत तिची सही आहे, उर्दूत, वळणदार. त्या कागदाने तिला परस्पर अंगठाबहाद्दर करून टाकलं होतं.

मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. समजा बागेत चाळीस कलमं आहेत. अम्मीचा आठवा हिस्सा, पाच. उरली पस्तीस. दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे पाच वाटे, एक वाटा सातचा. भावांची चौदा-चौदा, माझी सात. भाची बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. कागद तिच्या बापाने पाठवलेला होता. मग हळूच म्हणाली, "फुफी, उद्या माझ्यापुढेही असाच कागद येईल ना? आणि आणणारा माझा सख्खा भाऊच असेल."

मी तिला म्हटलं, तुझे अब्बा वाईट नाहीत. माझ्या बी.एड.ची फी त्यांनी भरली आहे. म्हणून तर मी कागद वाचला नाही. परक्याचा असता तर दोनदा वाचला असता.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर सगळे बसलेले असताना मी पाकीट पुढे ठेवलं. भांडायचं नाही असं ठरवून आले होते. म्हटलं, "भाई, अम्मीला एकदा वाचून दाखवते." आणि वर्गात धडा वाचावा तसा सगळा कागद वाचला, अवघड शब्द उर्दूत सांगत. गट नंबर आला तेव्हा भाई खाली पाहत होते. म्हणाले, "वाटलं, एकदमच होऊन जाईल. पुन्हा पुन्हा कचेरीच्या खेपा नकोत." अंगठ्याचं म्हणाल तर टाइप करणाऱ्याने जुना नमुना वापरला होता. कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. यात कुणाचा डाव नव्हता, असंच मी मानते. पण डाव नसतानाही बाग गेली असती.

मला वाटलं, माझा शोध इथे संपला. तेवढ्यात अम्मीने विचारलं, "घर मुलांना दिलं. मग मी राहणार कुठे, ते यात लिहिलंय का?"

कुणीच बोललं नाही. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते ना भाईंच्या लक्षात आलं होतं, ना कायदा शिकणाऱ्या भाचीच्या, ना माझ्या. बागेची कलमं मी मोजली, पण आईची खोली विसरले. परवीनला पडलेला पहिला प्रश्न, 'या जगणार कशावर', तो आमच्या घरात अम्मीनेच विचारला, कारण तिला कागद पहिल्यांदाच ऐकायला मिळाला होता. धाकटा भाऊ उठून तिच्याजवळ जाऊन बसला. म्हणाला, "अम्मी, लिहिण्याची काय गरज? घर तुझंच आहे." अम्मी म्हणाली, "माझंच आहे तर लिहायला हरकत काय?"

नवा कागद पंधरा दिवसांत झाला. त्यात फक्त घर आहे. अम्मीचा हयातभर राहण्याचा हक्क खोलीसकट लिहिला आहे. बाग सातबाऱ्यावर चौघांच्या नावाने राहील आणि मोसमाला हिशेब होईल, इन्शाअल्लाह. भाईंनी स्वतः वकिलाकडे बसून प्रत्येक पान मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, आणि त्यांच्या मुलीलाही.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आधी यंत्रावर सगळ्यांचे अंगठे घेतले, तसा नियमच आहे. मग कागद पुढे आला. अम्मीने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला आणि पेन मागितलं. उजवीकडून डावीकडे सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. मागे रांग वाढत होती, पण कुणी घाई केली नाही.

बहिणींनो, तुमच्या कपाटात असा एखादा कागद असेल तर आज काढून वाचा. आणि घरात अम्मी असेल, सासूबाई असतील, तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्या काय विचारतात ते ऐका.